शिल्पाला उजेड कसा द्यावा: देवघर, दालन, वीरगळ आणि चौकातला पुतळा

सातारा-सांगली भागात शिल्पांना तोटा नाही. चौकाचौकात पुतळे आहेत, शाळांच्या आवारात अर्धपुतळे आहेत, मारुतीच्या देवळाबाहेर ओळीने टेकवून ठेवलेले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, आहेत, कृष्णाकाठच्या देवळांत काळ्या पाषाणाच्या मूर्ती आहेत. दिवसा ही शिल्पं डोळे भरून बघावीत अशी असतात. अंधार पडला की मात्र बहुतेकांची गत सारखीच होते. पायथ्याशी ठेवलेले दोन दणदणीत फोकस, पांढराफट्ट उजेड, हनुवटी आणि नाकपुड्या उजळलेल्या आणि डोळे मात्र काळे पडलेले. पैसे खर्च झालेले असतात, बिलही दरमहा येत असतं, आणि शिल्पकाराने महिनोन्‌महिने खपून घडवलेला चेहरा कुणालाच दिसत नसतो.

असं होतं, कारण कामाची सुरुवात दिवे खरेदी करण्यापासून होते. खरं तर पहिला प्रश्न असायला हवा तो सावलीचा. चित्र नुसत्या उजेडावर दिसतं, पण शिल्पाचा आकार कळतो तो सावलीमुळे. नाकाची सावली गालावर कुठपर्यंत जाणार, वस्त्राच्या चुणीत काळोख किती राहणार, हे आधी ठरवायचं आणि मग त्यासाठी दिवा कुठे हवा ते शोधायचं. या लेखात तोच क्रम धरला आहे.

आधी दिवसा बघा

शिल्प सकाळी, दुपारी आणि मावळतीला बघा. एकाच जागेवर उभं राहून मोबाइलवर फोटो काढत जा. सूर्य जसजसा फिरतो तसतसा चेहरा बदलत जातो, आणि कोणत्यातरी एका वेळी शिल्प पूर्ण उमललेलं दिसतं. त्या वेळी उजेड कुठल्या बाजूने आणि किती उंचीवरून येत होता ते लिहून ठेवा. मुख्य दिव्याची जागा बहुतेक वेळा तीच निघते.

डोळ्याला ही सवय लावायची असेल तर औंधला जाऊन यावं. खटाव तालुक्यातलं हे एकेकाळचं संस्थान, आणि तिथलं श्री भवानी संग्रहालय बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 साली उभं केलं. लोक राजा रविवर्म्याची चित्रं बघायला जातात, पण हेन्री मूर या इंग्लिश शिल्पकाराचं ‘मदर अँड चाइल्ड’ही तिथेच आहे. असं गोलाईचं शिल्प एका जागेवरून बघून निघून जाऊ नका. त्याच्याभोवती हळूहळू फिरा आणि उजेड कुठे सरकत सरकत सावलीत मिसळतो ते बघा. गोलाई डोळ्याला कळते ती त्या मिसळण्यामुळेच. उजेड चारी बाजूंनी सारखा पडला तर ती सपाट होऊन जाते.

याच टप्प्यावर आणखी दोन गोष्टी ठरवून टाका. माणसं शिल्पाकडे कुठून बघणार? चौकात रस्ते तीन-चार बाजूंनी येतात, पण पुतळ्याचं तोंड एकीकडेच असतं. आणि शिल्पाच्या मागे काय आहे? मागे उजळ होर्डिंग किंवा दुकानाची पाटी असेल तर कितीही वॅटचा दिवा लावा, नजर पाटीकडेच जाणार. आसपासच्या उजेडाच्या तिप्पट उजेड शिल्पावर असला तर ते वेगळं उठून दिसतं, पाचपट असला तर ठसठशीत दिसतं. म्हणजे आजूबाजूचा उजेड कमी करता आला तर निम्मं काम फुकटात होतं. मागची ट्यूब बंद करणं हा मी सांगितलेला सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि तो बहुधा सगळ्यांत उशिरा ऐकला जातो.

मग रात्री, टॉर्च घेऊन

एक पैशाचीही खरेदी करण्याआधी दोघांनी रात्री जायचं. एकाने चांगली टॉर्च धरायची आणि दुसऱ्याने प्रेक्षकांच्या जागी उभं राहायचं. टॉर्च समोरून धरा, डावीकडे न्या, वर उचला, खाली आणा. उंचीसाठी शिडी किंवा लांब काठीला बांधलेली टॉर्च चालते. पाच-दहा मिनिटांत तुम्हाला दिसेल की हात फूटभर सरकला तरी चेहऱ्यावरचा भाव बदलतो. शांत चेहरा कठोर होतो, हसरा चेहरा थकलेला दिसतो. आवडलेल्या जागी हात थांबवा, टेप लावा, जमिनीपासूनची उंची आणि शिल्पापासूनचं अंतर मोजा. कागदावरच्या आराखड्यापेक्षा या मापांवर मी जास्त भरवसा ठेवते.

पुतळा समितीतल्या मंडळींनाही या वेळी बोलवा. ‘खालून नको’ हे तोंडी सांगून पटत नाही. टॉर्च हनुवटीखाली नेऊन दाखवली की वाद तिथेच मिटतो.

मुख्य दिव्याचा कोन

सूर्य वरून उजेड देतो, म्हणून चेहरा वरून आलेल्या उजेडातच ओळखीचा वाटतो. सर्वसाधारण सुरुवात अशी करा: दिवा चेहऱ्याच्या वर आणि समोरच्या रेषेपासून 30 ते 45 अंश एका बाजूला. घरातल्या छताला लावायचा असेल तर हिशेब सोपा आहे. छत 10 फुटांवर आणि मूर्तीचा चेहरा साडेपाच फुटांवर असेल, तर फरक साडेचार फूट. दिवा मूर्तीच्या समोर अडीच फुटांवर लावला तर प्रकाश बऱ्यापैकी उभा येतो, साडेचार फुटांवर लावला तर 45 अंशांनी येतो. या दोन फुटांच्या पट्ट्यात पुढेमागे करून बघायचं.

आपल्याकडे इथे एक खास अडचण येते ती डोक्यावरच्या वस्त्राची. जिरेटोप, फेटा, गांधी टोपी, सावित्रीबाईंच्या पुतळ्यावरचा डोक्यावरून घेतलेला पदर. दिवा फार उंच आणि जवळ असेल तर या सगळ्यांची सावली कपाळावरून उतरून डोळ्यांवर येते. अशा पुतळ्यांना दिवा थोडा लांब न्या, म्हणजे प्रकाश जास्त तिरका येईल आणि सावली भुवईच्या वर थांबेल. उलट कर्मवीर भाऊराव पाटलांचा अर्धपुतळा बघा, रयतच्या बहुतेक शाळांत असतो. ती भरघोस दाढी समोरून उजेड मारला की एकसंध गोळा दिसते, आणि दिवा 50-60 अंश बाजूला नेला की तिच्यातली एकेक बट सुटी होते.

मुख्य दिव्याने दुसरी बाजू पूर्ण अंधारात जाते. तिथे भरणीचा हलका उजेड द्यायचा, मुख्य दिव्याच्या सुमारे एक तृतीयांश. दोन्हीकडे सारख्या ताकदीचे दिवे लावण्याची आपल्याकडे फार सवय आहे. त्याने सावल्या एकमेकींना खोडून काढतात आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना दोन सावल्या पडतात. घरात पांढऱ्या भिंतीवरून परतणारा उजेड भरणीला पुरतो, वेगळा दिवा लागतही नाही. तिसरा दिवा मागून, खांद्यावर आणि डोक्यावर हलकी कड काढणारा. शिल्प काळं आणि पार्श्वभूमीही काळी असेल तरच त्याची गरज पडते.

दिव्याच्या झोताचा कोन खोक्यावर लिहिलेला असतो, तो वाचल्याशिवाय घेऊ नका. 10 फुटांवरून 15 अंशांचा दिवा साधारण अडीच फुटांचं वर्तुळ उजळतो, 24 अंशांचा सव्वाचार फुटांचं, 36 अंशांचा साडेसहा फुटांचं. दीड फुटाच्या मूर्तीला 60 अंशांचा दिवा लावला तर मूर्तीपेक्षा भिंतच जास्त उजळते. अंतराचंही लक्षात ठेवा: दिवा दुप्पट लांब नेला की उजेड चौथाईवर येतो.

पाषाण, ब्राँझ, संगमरवर

काळा पाषाण बराचसा उजेड गिळतो. संगमरवराला भरपूर होणारा दिवा पाषाणावर लावला तर दिवा चालू आहे की नाही असा प्रश्न पडतो. म्हणून पाषाणाला ताकद जास्त लागते आणि तिरका कोनही लागतो. रंग 2700 ते 3000 केल्विन, म्हणजे दुकानात ज्याला वॉर्म व्हाइट म्हणतात तो. केल्विनचा आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा. 6500 केल्विनच्या पांढऱ्या दिव्यात आपला सह्याद्रीचा दगड राख फासल्यासारखा निळसर दिसतो. तेल लावलेल्या मूर्तीवर मात्र जरा जपून. तेलाचा थर आरशाचं काम करतो आणि लहान, प्रखर दिव्याचा झगझगीत ठिपका नेमका मूर्तीच्या गालावर किंवा पोटावर बसतो. दिव्यापुढे दुधी काच लावा किंवा दिवा बाजूला सरकवा.

ब्राँझचंही तसंच. त्याला मऊ, पसरट उजेड मानवतो. ज्या कोनातून उजेड धातूवर पडतो त्याच कोनातून तो परत उडतो, त्यामुळे बघणाऱ्याच्या डोळ्यात चमक जात असेल तर दिवा मंद करून उपयोग नाही, त्याची जागा बदलावी लागते. 3000 केल्विनमध्ये ब्राँझची तपकिरी छटा जिवंत राहते. दिव्याचा सीआरआय, म्हणजे रंग खरे दाखवण्याचं माप, 90 किंवा त्याहून जास्त असावा, नाहीतर धातूवरचे तांबूस रंग मरतात.

संगमरवर थोडा उजेड आत शिरू देतो, म्हणून त्याची कड मेणासारखी दिसते. त्याला कमी उजेड द्या, 3500 ते 4000 केल्विन चालतं, आणि दिवा बाजूने ठेवा. जास्त झालं की डोळे-ओठांची कोरीव रेघच पुसली जाते. रंगवलेल्या फायबरच्या पुतळ्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. रंग तकतकीत असेल तर पाषाणावरच्या तेलाला जे लागू ते इथेही.

लाकूड आणि हस्तिदंत यांच्यावर 200 लक्सच्या (लक्स म्हणजे वस्तूवर पडणाऱ्या उजेडाचं माप) वर जाऊ नये. कापड, कागद असलेल्या वस्तूंना 50 लक्स पुरे. दगड आणि धातूला उजेडाने अपाय होत नाही, पण संग्रहात सगळं एकाच दालनात असतं, म्हणून दगडावरचा झोत शेजारच्या वस्त्रावर सांडत नाही ना हे बघावं.

वीरगळ: बाजूने घासून जाणारा उजेड

माझ्या मते आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सगळ्यांत कमी खर्चात सगळ्यांत मोठा फरक वीरगळांवर पडतो. उठाव जेमतेम बोटभर, त्यात शेकडो पावसाळे आणि शेंदराचे थर. दुपारी बघितलं तर नुसता खडबडीत दगड. रात्री टॉर्च दगडाच्या कडेला, पृष्ठभागापासून 10 ते 20 अंशांत धरा आणि बघा. खालच्या चौकटीत लढणारा वीर आणि त्याची ढाल वर येते, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. समोरून उजेड देऊन यातलं काही दिसत नाही.

कायमची सोय करायची तर दगडाच्या एका बाजूला, फूट-दीड फूट अंतरावर, उभी लहान एलईडी पट्टी लावा. पट्टीवर आडोसा हवा म्हणजे ती बघणाऱ्याच्या डोळ्यात जाणार नाही. वीरगळ ओळीने असतील तर सगळ्यांचा उजेड एकाच बाजूने, डावीकडून किंवा उजवीकडून ठेवा. एकाला डावीकडून आणि शेजारच्याला उजवीकडून दिला तर डोळा गोंधळतो आणि उठावाची जागा खोलगट भासू लागते.

दगडाला भोक पाडायचं नाही. हे सांगावं लागतं, कारण ड्रिल मशीन हाताशी असलं की वायरमनला तोच सोपा मार्ग वाटतो. जमिनीत रोवलेला लहान खांब किंवा वजनदार बैठकीवरचा स्टँड वापरा. स्थळ पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली असेल तर विभागाच्या लेखी परवानगीशिवाय कशालाही हात लावू नका.

घर आणि गाभारा

घरात ट्रॅक लाइट घेतला तर दिवे सरकवता येतात, आणि शिल्प बदललं तरी पुन्हा छत फोडावं लागत नाही. उजेड कमीजास्त करणारा डिमर हवाच, पण दिवा डिमरवर चालणारा आहे का ते दुकानातच विचारा. नसला तर तो मिणमिणतो आणि मोबाइलच्या व्हिडिओत काळे पट्टे येतात. काचेच्या पेटीतल्या मूर्तीला दिवा पेटीबाहेर, उंचावर ठेवा. समोर डोळ्याच्या पातळीवर ठेवला तर काचेत तो दिवाच दिसेल.

गाभाऱ्याबद्दल एक शंका नेहमी येते: समई तर खालूनच उजेड देते, मग ती मूर्ती इतकी सुंदर का दिसते? समई मूर्तीच्या अगदी खाली नसते, बाजूला आणि बऱ्याचदा कमरेच्या उंचीवर असते. तिचा उजेड 2000 केल्विनच्या आसपासचा, म्हणजे नेहमीच्या बल्बहून पिवळा असतो, आणि गाभाऱ्यात दुसरा उजेड जवळजवळ नसतो. वाईच्या ढोल्या गणपतीसारखी एकाच दगडातली प्रचंड मूर्ती असो की घरातली वीतभर, हे तत्त्व लागू पडतं. म्हणून गाभाऱ्यात 2700 केल्विनचा एकच मंद दिवा चौकटीच्या आतल्या बाजूला, भाविकांना दिसणार नाही असा लपवा. समईला मात देईल इतका तो मोठा नको. पूजा करणाऱ्या गुरुजींच्या डोळ्यावर येतो का, हे त्यांनाच मूर्तीजवळ बसवून विचारा.

चौकातला पुतळा

आता खरं हिशेबाचं काम. समजा 8 फुटांचा चौथरा आणि त्यावर 9 फुटांचा पुतळा. चेहरा जमिनीपासून सुमारे 16 फुटांवर. फोकस पायथ्यापासून 6 फुटांवर ठेवला तर उजेड जवळजवळ 70 अंशांनी वर चढतो, आणि हनुवटीपलीकडे त्याला काही सापडत नाही. तोच दिवा 25 फूट लांब नेला तर कोन 33 अंशांवर येतो आणि चेहरा बरा दिसू लागतो. त्याहून चांगला मार्ग म्हणजे 25 फुटांवरच्या 30 फुटी खांबावरून उजेड देणं. तेव्हा तो सुमारे 30 अंशांनी वरून येतो, म्हणजे हवा तसा. पुतळ्याची उंची आणि हे अंतर धरलं तर साधारण 20 अंशांचा झोत पुरतो. 60 किंवा 90 अंशांचा पसरट झोताचा फ्लड लावला तर उजेडाचा मोठा भाग आभाळात आणि समोरच्या घरांच्या खिडक्यांत जातो.

खांब नवा उभारायलाच हवा असं नाही. चौकात असलेला खांब ज्याच्या मालकीचा आहे त्याची लेखी परवानगी काढून त्यावर दिवा बसवता येतो. खांब एकाच बाजूला असेल तर उत्तमच, तो मुख्य दिवा समजा आणि समोरच्या बाजूने कमी वॅटचा दुसरा द्या.

अश्वारूढ पुतळ्याला आणखी एक दिवा लागतो. वरच्या उजेडात घोड्याच्या पोटाची सावली पुढच्या पायांवर पडते आणि घोडा हवेत तरंगल्यासारखा वाटतो. तिथे खालून, फार मंद आणि झाकलेला दिवा चालतो. खालच्या दिव्याला माझी हरकत नसलेली ही जवळजवळ एकमेव जागा. प्रतापगडावरचा महाराजांचा अश्वारूढ पुतळा 1957 सालचा. तो दिवसा बघताना घोड्याच्या पायांमधला उजेड मुद्दाम बघून या.

रंग बदलणारे दिवे लावू नका. जयंतीला एक रात्र ठीक आहे. रोज निळा-जांभळा उजेड पडला की ब्राँझचा स्वतःचा रंग आणि शिल्पकाराचा हात दोन्ही नाहीसे होतात.

जयंतीचं आणखी एक. त्या दिवशी हार घालायला शिडी किंवा क्रेन येते, मांडव पडतो, माणसं चौथऱ्यावर चढतात. जमिनीवरचे दिवे त्या वाटेत असतील तर पहिल्याच वर्षी त्यांची तोंडं वाकडी होतात. क्रेन कुठे उभी राहते ते आधी विचारून घ्या.

पाऊस, धूळ, पूर

बाहेरच्या दिव्यावर आयपीचा दोन आकडी क्रमांक असतो. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. महाबळेश्वर, पाटण, शिराळ्याकडे दिवे पाण्याने जातात, आणि माण, खटाव, आटपाडी, जतकडे धुळीने. कमीत कमी आयपी 65 घ्या. जमिनीत गाडायचा दिवा असेल तर आयपी 67, आणि त्याच्याखाली फूटभर खडी, म्हणजे पाणी तुंबणार नाही. दिवा कितीही चांगला असला तरी वायर आत शिरते त्या ग्लँडमधून पाणी जातं. वायर दिव्यात शिरण्याआधी खाली झोका खाऊन वर यावी, म्हणजे थेंब तिथेच गळून पडतो.

कृष्णाकाठी पुराचा विचार करावाच लागतो. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट आहे आणि 2019 साली पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. घाटावर किंवा काठच्या बागेत शिल्प असेल तर दिवा बुडाला तरी चालेल, पण ड्रायव्हर (एलईडीला लागेल तशी वीज देणारा डबा), टायमर आणि स्विचची पेटी माहीत असलेल्या पूररेषेच्या वर हवी, आणि खालची लाइन वरूनच तोडता यायला हवी.

लोकांचा हात पोचतो तिथे 12 किंवा 24 व्होल्टचे दिवे वापरा. 230 व्होल्टच्या लाइनला 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग, यात तडजोड नाही. मे महिन्यातल्या वळवाच्या विजांसाठी सर्ज प्रोटेक्टरही घ्या. केबल आर्मर्ड, म्हणजे धातूच्या कवचाची, अडीच फूट खोल. कमी व्होल्टेजला वायर जाड लागते: 12 व्होल्टवर 20 वॅटचा दिवा 30 मीटर लांब असेल आणि वायर 1 चौरस मिलिमीटरची असेल, तर जवळजवळ 2 व्होल्ट वाटेतच जातात. अडीच चौरस मिलिमीटर घेतली तर पाऊण व्होल्टच जातो. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

सूर्यास्ताप्रमाणे चालू होणारा टायमर लावा आणि रात्री 11 नंतर दिवे बंद करा किंवा पाव करा. शेजाऱ्यांना झोप मिळते, किड्यांचा थर कमी बसतो.

बसवल्यानंतर

दिशा ठरवायचं काम रात्रीच होतं, दिवसा बसवून निघून जाणाऱ्या वायरमनकडून ते होत नाही. ठरलेला दर देताना रात्रीचे दोन तास वेगळे लिहून घ्या. कोन पक्का झाला की दिव्याच्या सांध्यावर, अर्धी फिरत्या भागावर आणि अर्धी स्थिर भागावर येईल अशी रंगाची रेघ ओढा. साफसफाईत दिवा हलला की रेघ तुटलेली दिसते आणि कुणीही तो परत जागेवर आणू शकतो.

काचा पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीआधी एकदा मऊ कापडाने पुसा. आणि स्विचच्या पेटीच्या दाराला आतून एक लॅमिनेट केलेला कागद चिकटवा: कोणता दिवा कुठे, किती वॅट, झोताचा कोन, केल्विन, शिल्पापासूनचं अंतर, टायमरच्या वेळा. तीन वर्षांनी एक दिवा गेला की समितीतलं कुणीतरी दुकानात जाऊन मिळेल तो पांढरा हॅलोजन घेऊन येतं. तो कागद असला की बदलून आणायचा दिवा कोणता, हे तिथेच वाचता येतं.